रविवारचं शिबिर, सोमवारचा पेशंट

या वेळचं पत्र सातारा जिल्ह्यातून आलंय. थोडं आटोपशीर करून देते.

«ताई, सप्रेम नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका. आमच्या तालुक्याच्या गावी आमचं ३२ जणांचं सेवा मंडळ आहे. दर महिन्याला प्रत्येकी २०० रुपये वर्गणी, शिवाय कुणाच्या वाढदिवसाची, कुणाच्या वर्षश्राद्धाची देणगी. वह्यावाटप, झाडं लावणं असे खर्च जाऊन सहा वर्षांत ४ लाख ३० हजार शिल्लक पडलेत. आता यातून आरोग्याचं काहीतरी ठोस करायचं ठरलं आणि तिथेच गाडं अडलं. तरुण मुलांना मंडळाच्या नावाची अ‍ॅम्ब्युलन्स हवी. अध्यक्षांना महाआरोग्य शिबिर घ्यायचंय. मांडव, मोठे पाहुणे, हजार माणसांचं जेवण. माझ्या सासूबाई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. तेव्हा एक कमोडची खुर्ची मिळवायला साताऱ्याला दोन खेपा झाल्या. म्हणून मी सुचवलं, रुग्णांना लागणारं साहित्य घेऊन ठेवू आणि लागेल त्याला देऊ. त्यावर मीटिंगमध्ये एक जण म्हणाले, ‘बाई, खुर्च्या-भांड्यांसाठी नाही जमवले एवढे पैसे.’ सगळे हसले. मी खजिनदार आहे. मंडळाची नोंदणी राहून गेलीय, पैसे अध्यक्षांच्या आणि माझ्या नावाच्या जॉइंट खात्यात आहेत, चेकवर माझी सही लागते. सही करू नये असं वाटतं, राजीनामा द्यावा असंही वाटतं. माझं चुकतंय का? — एक खजिनदार»

बाई, नमस्कार.

तुमचं चुकत नाहीये. पण अध्यक्षांचं आणि त्या मुलांचंही सगळंच चुकतंय असं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. अशाच एका मंडळात मी अठरा वर्षं काढली, त्यातली सहा सेक्रेटरी म्हणून. शिबिरं घेतली, देणग्या मागत दारोदार फिरले. चुकाही केल्या. त्यातली एक आधी सांगते.

एका गावात शाळेच्या पटांगणावर आम्ही मोठं शिबिर घेतलं होतं. बीपी, शुगर, ईसीजी, डोळे, दात, सगळं एका मांडवाखाली. सकाळी नऊला रांग लागली, दुपारी तीनला मांडव उतरला, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. चार महिन्यांनी त्याच गावात एका घरी गेले होते. चहा झाल्यावर घरच्या आजींनी रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीतून एक चिठ्ठी काढून माझ्यापुढे धरली. वर आमच्या मंडळाचं नाव छापलेलं. खाली डॉक्टरांच्या अक्षरात बीपी १८०/११०, म्हणजे खूपच वाढलेलं, आणि त्याखाली ‘फिजिशियनला दाखवा’. चार घड्या घालून इतकी जपून ठेवलेली, की घडीवरची शाई विरली होती. मी विचारलं, ‘मग दाखवलंत का आजी?’ त्या म्हणाल्या, ‘तुम्हालाच तर दाखवलं की गं.’ गोळ्यांचं विचारलं, तर म्हणाल्या, ‘पाच दिल्या होत्या. संपल्या.’

त्यांच्या लेखी उपचार झाला होता. आम्ही येऊन गेलो होतो ना! बीपीची गोळी रोज घ्यायची असते, बहुतेकांना जन्मभर, हे त्या गर्दीत त्यांना बसून सांगायला आमच्यातलं कुणी मोकळं नव्हतं. प्राथमिक आरोग्य केंद्र तिथून चार किलोमीटरवर होतं. तिथे बीपीची, शुगरची गोळी फुकट मिळते. हे आम्हाला ठाऊक होतं, आजींना नव्हतं. चार महिने त्या १८०/११० घेऊन चुलीपाशी बसत होत्या, शेतात जात होत्या.

त्यानंतर मंडळात कुणीही काहीही सुचवलं की मी एकच विचारायला लागले, ‘रविवारचं ठीक आहे, पण सोमवारी काय?’ तुमच्या मीटिंगमध्ये तुम्हीही हेच विचारावं, असं मला मनापासून वाटतं. प्रश्नात कुणाचा पाणउतारा नाही, पण तिन्ही सूचना त्याने तपासून बघता येतात.

अ‍ॅम्ब्युलन्सपासून सुरुवात करू, कारण त्यात पैसे सगळ्यात लवकर बुडतात. तुमच्या रकमेत धड गाडीही येणार नाही, पण समजा एखाद्या दात्याने घेऊन दिली. सोमवारी काय? रात्री-अपरात्री धावायची तर किमान दोन ड्रायव्हर लागतात. महिना पंधरा-पंधरा हजार धरले तरी वर्षाचे ३ लाख ६० हजार झाले. डिझेल, विमा, पासिंग, टायर वेगळेच. म्हणजे सहा वर्षांची बहुतेक पुंजी एका वर्षात फक्त पगारात जाते. मग गाडी कुणाच्या तरी खळ्यात उभी राहते आणि तिच्या सीटवर कोंबड्या बसतात. असली गाडी मी डोळ्यांनी पाहिली आहे, बाजूला देणगीदारांची नावं अजून वाचता येत होती. शिवाय राज्यात २०१४ पासून १०८ ची सेवा आहे आणि ती मोफत आहे. बाळंतिणींसाठी, तान्ह्या बाळांसाठी १०२ आहे. तुमच्या भागातली १०८ कुठल्या ठिकाणी उभी असते, कोणत्या वाडीला पोचायला किती वेळ लागतो, हे आधी त्या मुलांनाच शोधून काढायला सांगा. खरोखर एखादी वाडी सुटत असेल, तर ती नोंद घेऊन तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना भेटा.

त्या मुलांच्या मनात जे आहे ते मात्र खरं आहे. वाहनाची अडचण असतेच, फक्त ती बहुतेक वेळा परतीच्या वाटेवर असते. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्या माणसाला डिस्चार्ज मिळाला की घरी सोडायला १०८ येत नाही. डायलिसिसवाल्याला आठवड्यातून दोनदा-तीनदा जावं लागतं, चार-चार तास मशीनला बसावं लागतं. उपचार सरकारी योजनेतून फुकट होतो, पण जाण्या-येण्याचं भाडं फुकट नसतं आणि सोबत जाणाऱ्या मुलाचा रोज बुडतो. तिसऱ्या महिन्यात आठवड्यातली एक खेप गळते, मग पेशंट सुजून परत अ‍ॅडमिट. गावातल्या दोन-तीन ईकोवाल्यांशी आधीच दर ठरवून ठेवा आणि वर्षाला ठरावीक रक्कम या भाड्यासाठी बाजूला काढा. मुलांनी फोन घ्यायचा, गाडी लावून द्यायची. गाडी विकत न घेता त्यांच्या मनातलं काम होईल.

आता अध्यक्षांचं शिबिर. त्याला विरोध करू नका. लहान करा आणि एकाच विषयाचं करा. डोळ्यांचं घ्या. मोतीबिंदू असा आजार आहे की तो एका ऑपरेशनने जातो आणि माणूस पुन्हा सुईत दोरा ओवतो. पण शाळेत फक्त तपासणी. ऑपरेशन सगळी सोय असलेल्या नेत्ररुग्णालयातच झालं पाहिजे, ही अट आधी त्या रुग्णालयाशी बोलून पक्की करा. खरं काम त्यापुढे सुरू होतं. कुणाला कधी न्यायचं याची यादी, घरच्यांची समजूत, नेणं-आणणं आणि पुढचे काही आठवडे डोळ्यात थेंब. एकट्या राहणाऱ्या आजीला ते कोण घालणार? आम्ही शेवटी गल्लीतल्या नववी-दहावीच्या मुलींना ते काम दिलं. साबणाने हात धुऊन, बाटलीचं टोक डोळ्याला न लावता, दिवसातून ठरल्या वेळी. एका मुलीने दरवाजावर खडूने रेघा मारून हिशेब ठेवला होता. महिन्याभराने चष्म्याचा नंबर काढायला पुन्हा न्यावं लागतं, ती खेपही यादीत धरा. पाहुण्यांना बोलवायचंच असेल तर तपासणीच्या दिवशी नको, चष्मे वाटायच्या दिवशी बोलवा. लोकांना तेव्हा ते पाहुणे दिसतील तरी.

आणि हजार माणसांच्या जेवणाचा खर्च वाचवा. जेवणच द्यायचं तर टीबीच्या पेशंटला द्या. २०२२ पासून सरकारच्या टीबीविरोधी मोहिमेत ‘निक्षय मित्र’ म्हणून कुणीही, मंडळसुद्धा, टीबीच्या रुग्णांना दत्तक घेऊन निदान सहा महिने पोषक शिधा देऊ शकतं. तुमच्या आरोग्य केंद्रात विचारा, ते रुग्णाची संमती घेऊन जोडून देतात. डाळ, शेंगदाणे, तेल, अंडी, दूध पावडर. झारखंडमध्ये टीबी झालेल्यांच्या घरच्यांना असा शिधा देऊन पाहिला, तेव्हा घरातल्या इतरांना टीबी होण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. तो अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. इतकं मोठं काम एका पिशवीत मावतं. मात्र पिशवी संध्याकाळी गुपचूप द्या. फोटो काढू नका. मुलीचं लग्न जमवायचं असलेल्या घरावर टीबीचा शिक्का बसला की तो निघत नाही.

आता तुमची खुर्ची.

बाई, ज्यांनी ‘खुर्च्या-भांडी’ म्हटलं, त्यांच्या घरात अजून कुणी अंथरुणाला खिळलेलं नसावं. ज्याच्या घरात असतं त्याला विचारा, कमोडची खुर्ची म्हणजे काय. ती येईपर्यंत एकेकाळी धडधाकट असलेल्या सासऱ्याला दोन माणसं धरून परसाकडे नेतात. त्यात एकदा पाय घसरला की खुबा मोडतो. ती खुर्ची पलंगाशेजारी आली की रात्री तीनला सुनेला कुणाला हाक मारावी लागत नाही. आणि त्या माणसाची लाज राखली जाते. नुसत्या गादीवर पडून पाठीला, माकडहाडाला जखमा होतात, त्या चिघळल्या की मूळ आजार बाजूला राहून माणूस त्यानेच जातो. हवेची गादी आणि दर दोन तासांनी कूस बदलणं, एवढ्याने त्यातलं बरंचसं टळतं. पण हे साहित्य कुणालाही कायमचं लागत नाही. दोन महिने, सहा महिने, तुमच्याकडे दोन वर्षं. मग ते माळ्यावर पडून राहतं आणि शेजारच्या गल्लीतला माणूस तीच खुर्ची आणायला साताऱ्याला खेपा घालतो. म्हणून या वस्तू गावाच्या हव्यात. पुण्या-मुंबईत, नाशकात, कितीतरी मंडळं आणि संस्था रुग्णोपयोगी साहित्य केंद्र वर्षानुवर्षं चालवतात. त्यात नवीन काही नाही, फक्त तुमच्या तालुक्यात ते नाही.

सुरुवातीला चार वॉकर, तीन कमोडच्या खुर्च्या, तीन व्हीलचेअर, चार हवेच्या गाद्या, दोन फाउलर बेड (हँडल फिरवून डोक्याकडची बाजू वर करता येणारे), बेडपॅन आणि युरिन पॉट डझनभर. एवढं साधारण लाखाच्या आत-बाहेर बसतं. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन, लगेच घेऊ नका. २०२१ मध्ये आम्ही घाईघाईने पाच घेतले होते. कोविडची लाट ओसरल्यावर ते पांढऱ्या कापडाखाली उभे राहिले. फिल्टर कुणी धुतले नाहीत, बाटलीत कुठलं पाणी घालायचं हे घेऊन जाणाऱ्याला कुणी सांगितलं नाही. पुढे एका दम्याच्या पेशंटला लागला तेव्हा पाचातला एकच चालू निघाला. शिवाय वीज गेली की तो बंद पडतो. तुमच्याकडे लोडशेडिंग असेल तर एकट्या त्याच्या भरवशावर पेशंट ठेवता येत नाही. तो सांभाळणारा माणूस आधी ठरवा, मशीन नंतर घ्या.

डिपॉझिट घ्या, पण जमेल तेवढं, आणि वस्तू परत आली की त्याच दिवशी हातात ठेवा. अजिबात नसेल त्याच्याकडून घेऊ नका. महिन्याचं नाममात्र भाडं ठेवलंत तर लोक वस्तू वेळेवर परत आणतात, दुरुस्तीही त्यातून भागते. आणि देताना हार-फोटो काही नको. आमच्याकडे एक निवृत्त पोस्टमन व्हीलचेअर न्यायला येतो म्हणाले आणि आलेच नाहीत. मुलाला विचारलं तर म्हणाला, ‘बाबा म्हणतात, पेपरात फोटो येणार असेल तर मी घरातच बसतो.’ त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघे जण खुर्ची त्यांच्या दारात ठेवून आलो. फोटोची पद्धत तिथेच बंद केली.

तुम्हाला जामखेडची गोष्ट माहीत असेल. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली तिथे दवाखाना काढायला गेले. दोघं शिकलेले डॉक्टर. पण लोकांना विचारल्यावर लोक म्हणाले, आधी पाणी आणि पोटाला अन्न. तर त्यांनी आधी पाण्याचं आणि मुलांच्या पोटाचं पाहिलं. आणि पुढे गावातल्याच, बहुतेक शाळा न पाहिलेल्या बायका आरोग्याच्या कार्यकर्त्या म्हणून तयार केल्या. १९७९ मध्ये त्या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला त्यातलं ‘विचारलं’ हे सगळ्यात मोठं वाटतं. तुमच्या ३२ जणांत आशाताईंना कुणी विचारलंय का? त्या रोज घरोघरी जातात. कुठल्या घरात कोण पडून आहे, कुणाची गोळी बंद झाली, कुणाची गरोदर सून तपासणीला जात नाही, सगळं त्यांना पाठ असतं. आठ दिवसांत चार आशाताई, एक नर्सबाई आणि ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांना भेटा. त्यांनी सांगितलेलं कागदावर उतरवून मीटिंगला न्या. मग ते तुमचं एकटीचं म्हणणं राहणार नाही.

मोठ्या मंडळांचे दाखले लोक देतील, देऊ द्या. पुण्यात दगडूशेठच्या ट्रस्टतर्फे ससून रुग्णालयातल्या रुग्णांना जेवण मिळतं, रोज. लालबागच्या राजाचं मंडळ डायलिसिस केंद्र चालवतं, तेही रोजचं काम. २०२० साली कोविडमध्ये त्याच मंडळाने मूर्ती न बसवता रक्तदान, प्लाझ्मादान केलं. आकार सोडून द्या, त्यांच्याकडून ‘रोज’ तेवढा उचलण्यासारखा आहे. रक्तदानाचंही तसंच. एका दिवशी तीनशे बाटल्या काढून रक्तपेढीवर ढीग घालण्यापेक्षा वर्षातून चार लहान शिबिरं बरी. रक्त महिना-सव्वा महिनाच टिकतं, प्लेटलेट्स तर पाच दिवस. एक शिबिर मे महिन्यात ठेवा. तेव्हा कॉलेजं बंद असतात, लोक गावाला जातात आणि रक्त मिळत नाही.

आणखी एक काम, ज्याला पैसाच लागत नाही. मंडळातल्या दोघांनी सरकारी योजना शिकून घ्याव्यात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात, पण योजनेतल्याच रुग्णालयात. तिथे मदतीला योजनेचा आरोग्यमित्र बसलेला असतो, हेल्पलाइन १५५३८८. रेशनकार्डावर आणि आधारवर नाव वेगवेगळं असेल तर तिथेच अडतं, म्हणून ते आजारी पडायच्या आधी दुरुस्त करून घ्यावं. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. पुण्यात बिलाचा आकडा बघून रडणाऱ्या माणसाला हे वेळेवर फोनवर कुणी सांगितलं, तर तुमच्या ४ लाखांत जमलं नसतं ते होऊन जातं.

पैशाच्या खात्याबद्दल मात्र मी तुम्हाला जरा रागावणार आहे. लोकांची वर्गणी दोघांच्या नावावर ठेवू नये. उद्या दोघांपैकी कुणाचं बरंवाईट झालं तर वारसांशी बोलावं लागेल. सात जण मिळून संस्था नोंदणी होते, मग धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट म्हणून. एखादा सीए गाठा. तोपर्यंत बाहेरच्या लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ क खाली त्याच कार्यालयाची परवानगी लागते, गणेश मंडळं घेतात तीच. नोंदणी झाली की दरवर्षी ऑडिट, आणि पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज. तो राहिला की पुढे वर्षानुवर्षं निस्तरत बसावं लागतं. देणगीवरच्या करसवलतीची मान्यता (‘८०जी’ म्हणून ओळखतात ती) मिळाली तर देणगीदारांना सांगून ठेवा, २००० च्या वर रोख दिलं तर करात सवलत मिळत नाही.

सही अडवू नका. सही अडवली की वाद तुमच्याभोवती फिरेल आणि खुर्ची बाजूला राहील. राजीनामाही नको. पुढच्या मीटिंगला विषय मांडण्याआधी एवढंच म्हणा, की प्रत्येकाने आपल्या घरात शेवटचं कोण अंथरुणावर होतं आणि तेव्हा काय मिळालं नाही ते सांगावं. सासूबाईंपासून तुम्ही सुरू करा. हसणाऱ्या गृहस्थांनाही आई असेल, वडील असतील. त्यांचं बोलून होईपर्यंत कुणाला मध्ये बोलू देऊ नका.

मग लाखभर साहित्याला, थोडे गाडीभाड्याला, डोळ्यांच्या शिबिराला, दोन-तीन टीबीच्या पेशंटांच्या शिध्याला, आणि निदान अर्धे बँकेत शिल्लक, असा प्रस्ताव ठेवा. साहित्याची वही तुम्ही स्वतः ठेवा. शाळेचं हजेरीपत्रक सांभाळलेला हात आहे तुमचा. वस्तू, तारीख, नेणाऱ्याचा फोन, शेजाऱ्याचा फोन, परत आली तेव्हा कशी होती. फाउलर बेडचं हँडल सुटं असतं, ते दरवेळी वेगळं लिहा. आमच्या दोन बेडची हँडलं पहिल्याच वर्षी हरवली आणि पाना लावून डोकं वर करायची वेळ पेशंटच्या मुलावर आली. जास्तीचं एक हँडल आधीच मागून घ्या, दुकानदार देतो.